स्वेन काउंटी आणि फोंटाना तलाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटात राहायला आल्यापासून वर्षातून एक-दोनदा तरी मी उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरातल्या स्वेन काउंटीत जाते. शार्लट, रॅली, अटलांटा इथली मराठी मित्रमंडळी स्मोकी माउंटन्सची सहल ठरवतात आणि मग फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात : कधी जायचं, बोटिंग आहे का, मुलांना झेपेल का. मी सांगतेच, पण त्याबरोबर पाण्याखाली गेलेल्या गावांचंही सांगते. ते कळल्याशिवाय हा तलाव नुसता निळा दिसतो. सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान.

ही काउंटी नेमकी कुठे आहे?

उत्तर कॅरोलिना राज्याच्या पश्चिम टोकाला, टेनेसीच्या सीमेला लागून. काउंटी म्हणजे आपल्या हिशेबाने जिल्हा आणि तालुका यांच्यामधलं काहीतरी. स्वेनची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १४,११७ भरली. मुख्य ठिकाण ब्रायसन सिटी, दीड हजार वस्तीचं, टकसीजी नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. नावात सिटी असली तरी बाजारपेठ चालत अर्ध्या तासात पाहून होते.

१८७१ मध्ये जॅक्सन आणि मेकन या दोन काउंट्यांचे तुकडे जोडून ही काउंटी झाली. डेव्हिड लॉरी स्वेन हे राज्याचे गव्हर्नर होते, नंतर तिथल्या विद्यापीठाचे अध्यक्ष. त्यांचं नाव तिला दिलं. ब्रायसन सिटीचं आधीचं नाव चार्ल्सटन. दक्षिण कॅरोलिनातल्या मोठ्या चार्ल्सटनशी गोंधळ होऊ लागला म्हणून १८८९ मध्ये ते बदललं.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. या काउंटीतली सुमारे ८५ टक्के जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे : राष्ट्रीय उद्यान, राष्ट्रीय वन, तलाव. म्हणजे घरपट्टी-जमीनपट्टी वसूल करायला काउंटीच्या हातात उरते ती थोडीशीच जमीन.

ॲपलॅचियन की ॲपलेशियन?

हे या सगळ्या डोंगररांगेचं नाव. तिकडे गेलात तर "ॲपलॅचन" म्हणा, "लॅच"वर जोर देऊन. "ॲपलेशियन" म्हणणारा माणूस बाहेरचा, हे त्यांना लगेच कळतं. राग कुणी धरत नाही, पण बरोबर उच्चार ऐकला की गप्पा जरा लवकर रंगतात.

इथे मूळचे लोक कोण?

चेरोकी. आणि हे "होते" असं लिहून चालणार नाही, ते आहेत.

ब्रायसन सिटीहून चेरोकी गावाकडे जाताना टकसीजीच्या काठी एक सपाट, मोठं शेत लागतं. मध्ये जमिनीला अगदी हलका उंचवटा आहे. न सांगता गाडी पुढे निघून जाते. हे किटुवा, चेरोकींचं मूळगाव. ते स्वतःला "अनी-किटुवागी", म्हणजे किटुवाची माणसं म्हणवतात. या टेकाडावर सभागृह होतं, त्यात अखंड अग्नी तेवत असे आणि त्यातला विस्तव इतर गावांना नेला जाई, अशी परंपरा सांगतात. अठराव्या शतकात आधी इंग्रजांच्या आणि मग १७७६ मध्ये अमेरिकन वसाहतवाल्यांच्या फौजांनी या खोऱ्यांतली चेरोकी गावं जाळली. पुढे किटुवाची जमीन गोऱ्या शेतकऱ्यांकडे गेली आणि दीड-दोनशे वर्षांच्या नांगरटीने टेकाड झिजून उंचवट्यापुरतं राहिलं.

१९९६ मध्ये चेरोकींच्या पूर्व शाखेने, म्हणजे इथेच राहिलेल्या चेरोकींनी, ही ३०९ एकर जमीन विकत घेतली. स्वतःचं मूळगाव बाजारभावाने विकत घ्यावं लागलं. त्यानंतर तिथे लोक आपापल्या ठिकाणची माती आणून टेकाडावर घालू लागले. तिथे तिकीटखिडकी नाही, दुकानही नाही. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा पाहून दोन मिनिटं थांबा आणि लांबूनच पाहा. टेकाडावर चढू नका.

चेरोकींना तर १८३८ मध्ये हाकलून दिलं होतं ना?

हो. सुमारे सोळा हजार माणसांना सैन्याने गोळा करून मिसिसिपीच्या पलीकडे, आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार मेली असं मानतात. पण सगळे गेले नाहीत. काही जण याच डोंगरांत लपून राहिले. काही कुटुंबं आधीच्या करारांमुळे चेरोकी राष्ट्राच्या हद्दीबाहेर, खासगी जमिनीवर राहत होती, त्यामुळे त्यांच्यावर थेट हुकूम चालला नाही. विल्यम हॉलंड थॉमस नावाचा एक गोरा व्यापारी, ज्याला चेरोकींनी लहानपणी आपल्यात घेतलं होतं, त्याने त्यांच्यासाठी आपल्या नावावर जमिनी विकत घेतल्या.

त्साली या चेरोकी माणसाची गोष्ट इथे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. नेत असताना झटापट झाली, दोन सैनिक मेले, त्साली आपल्या माणसांसह डोंगरात पळाला आणि नोव्हेंबर १८३८ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. बाकीच्यांना राहू द्यावं म्हणून तो आपण होऊन शरण आला, असं लोक सांगतात. इतिहासकार म्हणतात की तो शरण आला नव्हता, पकडला गेला होता. मला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एकीतून काय घडलं ते कळतं, दुसरीतून मागे राहिलेल्यांनी ते दुःख कसं पेललं ते.

आज क्वाला बाउंड्री म्हणून ओळखला जाणारा सुमारे ५७,००० एकरांचा प्रदेश पूर्व शाखेकडे आहे. त्याचा मोठा भाग स्वेन आणि जॅक्सन काउंट्यांत येतो. सरकारने "दिलेली" ही जमीन नव्हे. लोकांनी ती पैसे मोजून घेतली आणि मग केंद्र सरकारने ती त्यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धरली. फरक लहान वाटतो, पण तिथले लोक तो आवर्जून सांगतात.

चेरोकी गावात काय पाहावं?

पहिल्यांदा संग्रहालय. २०२३ पासून त्याचं नाव "चेरोकी लोकांचं संग्रहालय" असं आहे. आधीच्या नावात "इंडियन" हा शब्द होता, तो काढला. त्याला निदान दोन तास द्या. गावातल्या पाट्यांकडे लक्ष ठेवा : रस्त्यांची नावं इंग्रजीबरोबर चेरोकी लिपीतही लिहिलेली असतात. सिक्वोया या माणसाने १८२० च्या सुमारास ही लिपी एकट्याने तयार केली. एक चिन्ह म्हणजे एक अक्षर, स्वरासकट. बाराखडी शिकलेल्या माणसाला ती कल्पना चटकन कळते. माझ्या मुलीने पाटीवरची चिन्हं मोजून मला विचारलं, "आई, हे ‘का’ वेगळं आणि ‘की’ वेगळं असं आहे का?" अगदी तसंच आहे.

रस्त्यावरच्या काही दुकानांत लांब पिसांचे मुकुट दिसतील. ते चेरोकींचे नव्हेत, मैदानी प्रदेशातल्या जमातींचे; पर्यटकांना तेच हवे असायचे म्हणून ते इथे आले. खरेदी करायचीच असेल तर चेरोकी कारागिरांच्या सहकारी संस्थेच्या दालनातून वेताची किंवा ओकच्या पट्ट्यांची टोपली घ्या. महाग असते, पण ती विणायला लागणारे दिवस पाहिले की किंमत कळते.

धरण का बांधलं?

युद्धासाठी. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जानेवारी १९४२ मध्ये लिटल टेनेसी नदीवर फोंटाना धरणाचं काम सुरू झालं. विमानांना ॲल्युमिनियम लागतं आणि ॲल्युमिनियमला प्रचंड वीज. जवळच टेनेसीत अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे कारखाने होते, पुढे ओक रिजच्या अणुप्रकल्पालाही वीज हवी होती. तीन पाळ्यांत, रात्रंदिवस, दिवे लावून काम चाललं. नोव्हेंबर १९४४ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. उंची ४८० फूट, लांबी २,३६५ फूट. रॉकी पर्वताच्या पूर्वेला एवढं उंच काँक्रीटचं धरण दुसरं नाही.

बांधणारी संस्था टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, १९३३ मध्ये स्थापन झालेली. आपल्याकडे तिचं नाव नव्या पिढीला माहीत नसतं, पण १९४८ चं दामोदर खोरे महामंडळ तिच्याच नमुन्यावर उभं राहिलं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या धरणांचा विचार ज्या खोऱ्याकडे पाहून झाला, ते हे खोरं.

धरणाच्या माथ्यावरून चालता येतं. प्रसिद्ध ॲपलॅचियन ट्रेल ही पायवाट थेट धरणावरून जाते. पाठीवर बोजा घेतलेली, आठवडाभर आंघोळ न केलेली, आनंदी माणसं तिथे भेटतात.

तलावाखाली खरंच गावं आहेत?

आहेत. फुगवटा जवळजवळ २९ मैल लांब गेला. जडसन, बुशनेल, जुनं आल्मंड ही नावं आता नकाशावर पाण्याच्या रंगात येतात. दुकानं, शाळा, चर्चं, रेल्वेस्थानकं, मक्याची शेतं. सुमारे १,३०० कुटुंबं उठवली गेली. हजाराहून जास्त कबरी उकरून दुसरीकडे हलवल्या.

जमीनमालकांना मोबदला मिळाला, पण युद्धकाळात तेवढ्या पैशांत तशी जमीन दुसरीकडे मिळणं कठीण होतं. कुळांकडे जमीनच नव्हती, त्यामुळे त्यांना मोबदल्याचा प्रश्नच नव्हता. अनेकांची मुलं त्या वेळी सैन्यात होती. ती परत आली तेव्हा घराकडे जाणारा रस्ता पाण्यात शिरत होता.

पुराचं पाणी साठवायला जागा हवी म्हणून दर हिवाळ्यात तलाव पन्नास फुटांहून जास्त उतरवतात. तेव्हा काठाची लालसर माती उघडी पडते आणि काही ठिकाणी जुन्या रस्त्यांच्या रेघा, घरांची जोती वर येतात. मी एका जानेवारीत आल्मंडजवळ उतरले होते. चिखलात दगडाच्या दोन पायऱ्या होत्या. तिसरी नव्हती आणि दारही नव्हतं.

"कुठेच न जाणारा रस्ता" म्हणजे काय?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

तलावाच्या उत्तर काठाने राज्याचा २८८ क्रमांकाचा रस्ता होता. धरणाने तो बुडाला. तो रस्ता गेल्यावर वरच्या डोंगरात राहणारी माणसं, ज्यांची घरं बुडणार नव्हती, तीही अडकून पडली. युद्धात नवा रस्ता बांधायला माणसं आणि साहित्य नाही, असं कारण देऊन सरकारने तो सगळा डोंगरपट्टाच घेतला : ४४,००० एकर. ही जमीन ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाला जोडली. बदल्यात १९४३ मध्ये लेखी करार झाला. केंद्राचं गृहखातं (तिथे उद्यानं त्याच्याकडे असतात), धरण बांधणारी संस्था, राज्य आणि स्वेन काउंटी या चौघांच्या त्यावर सह्या आहेत. युद्ध संपलं आणि संसदेने पैसे दिले की उत्तर काठाने नवा रस्ता बांधून देऊ, असं त्यात वचन होतं. लोकांनी त्या वचनावर घरं सोडली. निदान आपल्या पूर्वजांच्या कबरींपर्यंत गाडीने जाता येईल, एवढी तरी खात्री होती.

युद्ध संपलं. रस्ता तुकड्यातुकड्यांनी सुरू झाला. ब्रायसन सिटीच्या बाजूने सहा-सात मैल झाले, एक उंच पूल झाला, सुमारे १,२०० फुटांचा बोगदा झाला. आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काम थांबलं. त्या डोंगरातला खडक फोडला की पाणी-हवा लागून त्यातून आम्ल झिरपतं आणि ओढ्यातले मासे मरतात, हे कारण होतं. कारण खरंच होतं. खर्चही अफाट वाढला होता. पण ज्यांच्याशी करार झाला त्यांना त्या खडकाशी काय करायचं? बुडालेल्या जुन्या रस्त्यासाठी काढलेल्या रोख्यांचं कर्ज काउंटी नंतर कित्येक वर्षं फेडत राहिली. पाण्याखालच्या रस्त्याचे हप्ते, आणि तेही अशा काउंटीने, जिच्याकडे कर लावायला जमीनच थोडी.

पुढची तीस-पस्तीस वर्षं गावात दोन तट राहिले. एक म्हणे रस्ता हवा, वचन म्हणजे वचन. दुसरा म्हणे रस्त्याने जंगल फाटेल, त्यापेक्षा पैसे घ्या आणि शाळा सुधारा. रस्ता पुरा करायला सुमारे ६० कोटी डॉलर लागतील असा अंदाज निघाला. शेवटी २०१० मध्ये ५.२ कोटी डॉलरची भरपाई ठरली. पहिले हप्ते आले, मग अडले. काउंटीने २०१६ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि उरलेले ३.५२ कोटी २०१८ मध्ये हातात आले. मुद्दल राज्याकडे ठेवलेलं आहे, काउंटी व्याज वापरते. १९४३ ते २०१८ म्हणजे पंचाहत्तर वर्षं.

गावाबाहेर एका फलकावर लोकांनी लिहून ठेवलं होतं : "कुठेच न जाणाऱ्या रस्त्यावर स्वागत. मोडलेलं वचन. १९४३ ते ?" माझं मत विचाराल तर जंगल वाचलं याचा मला आनंद आहे आणि ज्यांचा शब्द मोडला त्यांचा रागही मला रास्त वाटतो. यांतलं एक निवडायला मला कुणी सांगू नये.

मग तो बोगदा पाहता येतो का?

येतो आणि जरूर पाहा. ब्रायसन सिटीतून लेकव्ह्यू ड्राइव्ह नावाचा रस्ता घ्या. नोलंड क्रीकवरचा उंच पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर डांबर संपतं आणि गाडीतळ लागतो. तिथून पाच मिनिटांवर बोगद्याचं तोंड. आत एकही दिवा नाही. मोबाइलचा उजेड चालतो, पण चांगली बॅटरी न्या, कारण मधोमध दोन्ही टोकांचे उजेड नाण्याएवढे होतात. जमीन ओलसर असते, घोड्यांची लीद पडलेली असते (या वाटेवर घोडेस्वारांना परवानगी आहे), भिंतींवर लोकांनी रंग फवारलेला आहे. आवाज चमत्कारिक घुमतो; आमच्यातल्या एका काकूंनी आत अभंगाची एक ओळ म्हटली आणि ती ओसरायला इतका वेळ लागला की पुढची ओळ त्यांनी म्हटलीच नाही.

पलीकडे बाहेर पडलं की रस्ता नाही. नुसतं जंगल आणि पायवाट. दोन मोटारी शेजारून जातील एवढ्या रुंद बोगद्यातून माणूस झाडीत येतो. ती पायवाट तलावाच्या काठाकाठाने तीसहून जास्त मैल चालत धरणापर्यंत जाते.

कबरींचं पुढे काय झालं?

उत्तर काठाच्या डोंगरात पंचवीसहून अधिक जुनी कबरस्तानं तशीच राहिली. तिथे आता रस्ता नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वंशजांनी संघटना करून मागणी लावून धरली आणि तेव्हापासून उद्यान खातं उन्हाळ्यात ठरलेल्या रविवारी त्यांना बोटीने तलावापार नेतं, पुढे चढावर गाडीने किंवा पायी.

या दिवसाला तिकडे डेकोरेशन डे म्हणतात. ही या डोंगरातली खूप जुनी चाल, धरणाच्या आधीची. कबरीवरचं गवत काढायचं, माती नीट उंच ओढायची, प्रत्येक कबरीवर फुलं ठेवायची. पूर्वी घरी कागदाची करत, मेणात बुडवून. आता कापडाची किंवा प्लास्टिकची असतात, कारण परत वर्षाने येणं होणार. मग भजनं, थोडं प्रवचन, आणि सगळ्यांनी आणलेलं जेवण एकत्र मांडून पंगत. ज्यांना पूर्वजांचं नावसुद्धा माहीत नाही, अशा नुसत्या दगडाच्या कबरींवरही फूल ठेवलं जातं. पर्यटक म्हणून यात घुसू नये. कुणी आपुलकीने बोलावलं तर गोष्ट वेगळी.

हेझल क्रीकला जाता येतं का?

हेझल क्रीक हा तलावाच्या उत्तर काठाचा ओढा. तिथे जायला फोंटाना गावाच्या बोटतळावरून बोट मिळते, तलावापार सोडते आणि ठरल्या वेळी घ्यायला येते. उतरून थोडं चाललं की प्रॉक्टर, एके काळचं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिटर लाकूड कंपनीने इथे गिरणी टाकली. आगगाडी आली, हजारभर वस्ती झाली, सिनेमाघरसुद्धा होतं. १९२८ च्या सुमारास झाडं संपली आणि कंपनी निघून गेली. आज एक पांढरं घर उभं आहे, ओसरीसकट, आणि झाडीत विटांच्या काही भिंती. ओढा इतका स्वच्छ की ट्राउट मासे वरून मोजता येतात.

इथूनच जवळ १९०४ मध्ये हॉरेस केफर्ट नावाचा एक ग्रंथपाल सगळं सोडून येऊन राहिला. त्याने या लोकांबद्दल लिहिलं, आणि पुढे जंगलतोड पाहून राष्ट्रीय उद्यानासाठी झटला. त्याच्याबरोबर जॉर्ज मासा हा जपानी छायाचित्रकार होता. उद्यान १९३४ मध्ये स्थापन झालं. दोघंही त्याआधीच गेले. केफर्टची कबर ब्रायसन सिटीच्या टेकडीवर आहे, एका मोठ्या दगडाखाली. पण ज्या उद्यानासाठी तो झटला, त्यासाठीही शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्याच होत्या, हेही गावातली म्हातारी माणसं सांगतात.

डोंगरातल्या रेल्वेचा प्रवास करावा का?

लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर नक्की. ब्रायसन सिटीच्या स्थानकावरून नँटाहेला घळीपर्यंत जाऊन-येऊन ४४ मैल, साडेचार तास लागतात, मध्ये तासभर थांबा. तलावावरचा लांब लोखंडी पूल हा सगळ्यात देखणा भाग. खिडक्या उघड्या असलेला डबा घ्या. ही गाडी १९८८ पासून पर्यटकांसाठी चालते. मूळ रेल्वे इथे १८८४ मध्ये पोचली.

ती बांधली कैद्यांनी, बहुतेक सगळे काळे. शेजारच्या जॅक्सन काउंटीत काउवी बोगद्याच्या कामावर जाताना ३० डिसेंबर १८८२ रोजी नाव उलटली आणि पायात बेड्या असलेले १९ कैदी टकसीजीत बुडाले. गाडीत बसल्यावर हे आठवावं असं मला वाटतं.

राफ्टिंग मुलांना झेपेल का?

नँटाहेला नदी नवशिक्यांसाठी चांगली आहे. आठ मैल, साधारण तीन तास, लाटा बेताच्या, शेवटी एक जोरदार उतार. मुलांचं वजन किमान ६० पौंड लागतं, यात सूट नाही. पाणी वरच्या धरणाच्या तळातून येतं, त्यामुळे भर जुलैतही हातपाय बधिर होतात. सुती कपडे घालू नका. नँटाहेला या चेरोकी शब्दाचा अर्थ "मध्यान्हीच्या सूर्याची भूमी" असा सांगतात. घळ इतकी खोल आहे की ऊन तळाला दुपारीच पोचतं.

फार चालवत नसेल तर?

डीप क्रीकला जा. गावापासून दहा मिनिटं, सपाट रुंद वाट, आणि दोन-अडीच मैलांच्या फेरीत तीन धबधबे. उन्हाळ्यात मुलं टायरच्या ट्यूबवर बसून ओढ्यातून खाली येतात. ट्यूब फाटकाबाहेर भाड्याने मिळतात.

कुवोही आणि क्लिंगमन्स डोम एकच का?

एकच. ६,६४३ फूट, उद्यानातलं सर्वांत उंच शिखर. चेरोकींनी मागणी केल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला त्याचं मूळ नाव परत मिळालं. कुवोही म्हणजे तुतीची जागा. गाडीतळापासून माथ्यावरच्या मनोऱ्यापर्यंत अर्धा मैल डांबरी वाट, पण चढ दम काढतो. खाली ऊन असलं तरी वर स्वेटर लागतो. डिसेंबर ते मार्च रस्ता बंद.

प्राणी दिसतात का?

चेरोकी गावाजवळच्या ओकोनालुफ्टी इथल्या उद्यानाच्या माहिती केंद्राशेजारच्या कुरणात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी एल्क (मोठ्या जातीची हरणं) हमखास येतात. या राज्यातून ते दोन शतकांपूर्वी नाहीसे झाले होते. २००१-०२ मध्ये बाहेरून आणून सोडले. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर ओरडतात, तो आवाज ऐकण्यासारखा असतो. एल्क असो वा अस्वल, १५० फुटांच्या आत जाऊ नका. शेजारीच १८८६ ची मिंगस गिरणी आहे, पाण्यावर चालणारी, मक्याचं पीठ दळायला बांधलेली.

खायचं काय?

पिंटो घेवडा आणि मक्याचा पाव हे इथलं रोजचं जेवण, पण शाकाहारी असाल तर आधी विचारा : घेवड्यात डुकराच्या चरबीचा तुकडा घालून शिजवायची पद्धत आहे. चेरोकींचा बीन ब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठात घेवडा घालून पानात गुंडाळून उकडलेला गोळा, मिळाला तर सोडू नका. वसंतात रॅम्प नावाची रानपात येते, लसणाहून उग्र. उद्यानातून ती उपटायला मनाई आहे. घरून थेपले-चटणी नेलीत तर फराळाची चिंता मिटते. फक्त खाणं गाडीत बंद ठेवा, अस्वलांना वास लांबून येतो.

कधी जावं?

भरलेला तलाव पाहायचा तर जून ते ऑगस्ट. पानांचे रंग पाहायचे तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. बुडालेल्या गावांच्या खुणा पाहायच्या तर जानेवारी-फेब्रुवारी. मी तेव्हाच जाते.

पैसे, फोन, रस्ते?

उद्यानात प्रवेशाला पैसे नाहीत, पण २०२३ पासून पंधरा मिनिटांहून जास्त गाडी उभी करायची तर पावती लागते : दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५. उद्यानात फोनला रेंज जवळजवळ नसते, नकाशे आधी उतरवून ठेवा. अटलांटाहून तीन तास, ॲशव्हिलहून सव्वा तास धरा.

एकच दिवस असेल तर?

सकाळी लवकर ओकोनालुफ्टीचे एल्क, मग चेरोकीचं संग्रहालय. येताना किटुवापाशी थोडा थांबा. दुपारी ब्रायसन सिटीत १९०८ च्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत काउंटीचं छोटं संग्रहालय आहे, तिथे बुडालेल्या गावांबद्दल वाचून घ्या. ऊन कलल्यावर लेकव्ह्यू ड्राइव्हने बोगद्याकडे निघा. वाटेत तलाव दिसेल अशी जागा आहे, तिथे गाडी थांबवा. बॅटरी पुढच्या कप्प्यातच ठेवा, अंधार पडल्यावर डिकीत शोधावी लागते.